वयाची अट

आई गेल्यापासून आठ महिने तळमजल्यावरचा तो फ्लॅट बंद होता, आणि बंद घरासारखी दुसरी कटकट नाही. नळ वापरला नाही की गळायला लागतो, खिडकी उघडली नाही की फुगून बसते, आणि कॉलनीतलं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय मग, घराचं काय करायचं ठरवलंत?" उत्तर द्यायचा कंटाळा आला तेव्हा धाकटीनं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं.

धाकटी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. वय वर्षं त्रेपन्न, नाकावर जाड चष्मा, शहराच्या ऐन गर्दीत स्वतःचं औषधांचं दुकान. पण या कॉलनीत ती वाढली ती दोन बहिणींमधली धाकटी म्हणून. थोरली लग्न करून साता समुद्रापलीकडे गेली, तरी धाकटीचं नाव काही बदललं नाही. एकदा चिकटलेलं नाव निघता निघत नाही.

कॉलनी शहराच्या कडेला, शेवटच्या बसथांब्यापासून पायी दहा मिनिटांवर. दोन मजल्यांच्या बुटक्या इमारती, प्रत्येकीपुढे हातभर अंगण, आणि रस्त्यावर इतकी शांतता की कुणाच्या घरात चमचा पडला तर तिसऱ्या घरात कळावं. आई गेल्यावर घर बघायला दर रविवारी धाकटी बसमधून उतरून त्या रस्त्याला लागली की तिचं वय झपाझप उतरायचं. इथे ती सायकल शिकली होती. त्या कुंपणावर आदळून तिचा पुढचा दात पडला होता. रस्त्याच्या वळणावर थोरलीनं तिला पहिल्यांदा, "घरी सांगू नकोस हं!" असं म्हणून गुपित सांगितलं होतं, आणि तिनं घरी जाऊन पहिली गोष्ट ती सांगितली होती.

ती सहा वर्षांची असताना वडील त्यांना इथे घेऊन आले ते भाडेकरू म्हणून. तेव्हा इथे रस्तासुद्धा धड नव्हता. घरमालकीण एक शिवणकाम करणारी बाई होती, तोंडात टाचण्या धरून बोलायची. तिनं वडिलांना नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. दोघी मुलींकडे पाहून एवढंच म्हणाली, "अंगणातल्या अंजिरावर चढणार असाल तर अनवाणी चढा. चपलांनी झाडाची साल निघते." झालं! घर मिळालं. पुढे अकरा वर्षांनी तेच घर वडिलांनी विकत घेतलं. म्हणजे धाकटीचं सगळं बालपण भाड्याच्या घरातलं, आणि एवढं सुखाचं बालपण तिनं नंतर कुणाचं पाहिलं नाही.

पण माणूस मालक झाला की मालकाच्या तऱ्हा आपोआप अंगी येतात. एजंटानं वही उघडून, "ताई, काही अटी?" असं विचारलं तेव्हा धाकटीनं एकच अट घातली.

"म्हातारं माणूस नको."

"म्हणजे साठच्या पुढचं?"

"साठच्या पुढचं आणि एकटं राहणारं तर मुळीच नको."

एजंटाला त्यात नवल वाटलं नाही. त्याच्या वहीत दहातल्या आठ मालकांची हीच अट होती. "बरोबर आहे ताई," तो म्हणाला, "उद्या काही बरंवाईट झालं तर धावाधाव कुणी करायची? घराचं नाव खराब होतं ते वेगळंच." आणि त्यानं 'वयाची अट' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

धाकटी दुष्ट होती का? छे! उलट तिच्या दुकानात म्हातारी माणसं तिच्या भरवशावर यायची. गोळ्यांचं पाकीट हातात देऊन, "ही सकाळी, ही जेवल्यावर," असं ती प्रत्येकाला तीन तीनदा सांगायची. पण तीस वर्षं औषधं विकली की एक खोड लागते. माणूस समोर आला की आधी त्याच्या गोळ्या दिसतात, माणूस नंतर दिसतो, आणि कधीकधी दिसतच नाही. अमक्याचं रक्त पातळ करणारी, तमकीची झोपेची, त्या कोपऱ्यातल्या आजोबांची हात थरथरण्यावरची.

आईचंही तसंच झालं होतं. वडिलांच्या मागे आई या घरात नऊ वर्षं एकटी राहिली, मजेत राहिली. एक दिवस भाजी परतताना छातीत दुखलं. आईनं जिभेखाली गोळी ठेवली, दहा मिनिटं खुर्चीत बसली, बरं वाटल्यावर उठून गॅस पुन्हा पेटवला. संध्याकाळी फोनवर तिनं हे सहज सांगितलं, जसं काही दूध उतू गेलं होतं! दुसऱ्या दिवशी गाडी करून धाकटी हजर. "आई, आता एकटीनं राहायचं नाही. बास!" आई म्हणाली, "अगं, पण…" त्या 'पण'च्या पुढचं वाक्य धाकटीनं ऐकलं नाही. तिला बॅग भरायची घाई होती.

चौदाव्या मजल्यावरच्या लेकीच्या घरात आई दोन वर्षं राहिली. एकही गोळी चुकली नाही. रक्तदाब पुस्तकात लिहिल्यासारखा. आणि एका दुपारी, सगळी औषधं वेळेवर घेऊन, आई शांतपणे गेली. धाकटीनं आपलं काम चोख केलं होतं. सगळे तसं म्हणाले.

तर त्या रविवारी धाकटी घरात फडताळं पुसत होती, तेवढ्यात एजंट दारात आला तो आधीच कान पकडून.

"ताई, रागावू नका. मी नको म्हणत होतो, पण मावशी ऐकेचनात. म्हणाल्या, नाही म्हणायचं असेल तर मालकिणीला तोंडावर म्हणू दे."

त्याच्या मागून एक बुटकी, ताठ, केस कानापर्यंत कापलेली बाई आत आली. वय बाहत्तर, हे तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं होतं, पण आवाज! आवाज तिशीतल्या बाईचा होता, स्वच्छ, गोड, प्रत्येक अक्षर सुटं.

"मी टेलिफोन ऑपरेटर होते," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं. आमच्याकडे सगळं म्हातारं होतं, आवाज होत नाही. घर बघू?"

आणि तिनं घर बघितलं ते असं बघितलं की धाकटी बघतच राहिली. नळ सोडून बोटानं धार चाचपली. भिंतीला तळहात लावून ओल आहे का पाहिलं. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर दोनदा चढून उतरून पाहिलं. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर वडिलांच्या वेळचा काळा फोन होता, नुसता शोभेला राहिलेला. तो पाहून बाईचे डोळे एकदम लकाकले. तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"मेली आहे लाइन," ती हसत म्हणाली. "या भागात फोन आले तेव्हा मी कामावर होते. सगळ्या कॉलनीत मिळून चार फोन. परगावी बोलायचं तर आमच्याकडून जोडून घ्यावं लागायचं."

"त्यातला एक आमचा!" धाकटी भान विसरून म्हणाली. "सगळी इमारत यायची फोनला. वरचे काका तर त्यांच्या बहिणीशी इतक्या मोठ्यानं बोलायचे की आई म्हणायची, तुम्हाला फोनची गरजच काय?"

"मग तुमच्या आईचा आवाज मी ऐकला असणार. पण मध्ये बोलायची आम्हाला मनाई होती." बाईनं रिसीव्हर जागेवर ठेवला. "कितीदा वाटायचं, दोन शब्द आपणही बोलावेत. एखादीचा फोन लागत नसायचा, ती रडकुंडीला आलेली असायची. आम्ही आपलं, 'कृपया थांबा.'"

त्या दहा मिनिटांत धाकटीला आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या घरात बरं वाटलं. मग बाईनं आपली अडचण सांगितली. सव्वीस वर्षं ती जिथं भाड्यानं राहत होती ती इमारत आता पाडणार होते. महिनाअखेरीला घर सोडायचं होतं, म्हणजे अकरा दिवस उरले होते. सात घरं पाहून झाली होती. सातही मालकांना घर द्यायचं होतं, फक्त तिला द्यायचं नव्हतं.

"मुलगा नाही का तुम्हाला?" एजंटानं विचारलं. हा प्रश्न तिला नेहमीचा असावा.

"आहे की! मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. दोघं चांगली आहेत म्हणून तर वेगळी राहते. चांगुलपणा टिकला पाहिजे ना बाबा!"

धाकटीला हसू आलं. ती हो म्हणणारच होती. खरंच, ओठांवर आलं होतं! तेवढ्यात बाईनं चष्म्यासाठी पिशवी उघडली, आणि चष्म्याच्या घराबरोबर एक छोटी पट्टी बाहेर डोकावली. तीच गोळी. जिभेखाली ठेवायची. आईची.

धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. आता तिला ती ऑपरेटर दिसेना, तो आवाज ऐकू येईना. तिला फक्त रिकाम्या घरात खुर्चीवर एकटी बसलेली म्हातारी दिसायला लागली.

"मी… कळवते तुम्हाला," ती म्हणाली.

बाईनं पट्टी शांतपणे आत ढकलली. "कळवा," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं दुकानातून फोन केला. एजंटावर ढकलता आलं असतं, पण तेवढी लाज तिला होती. खरं सांगण्याइतकी मात्र नव्हती. "घर दुसऱ्यांना दिलं," ती म्हणाली. "एक जोडपं आहे."



"बरं," तो स्वच्छ आवाज म्हणाला. "मी काही बोलत नाही. बोलणं संपल्यावर रिसीव्हर आपटायचा नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. ठेवते हं."

फोन अगदी अलगद ठेवला गेला. आपटला असता तर बरं झालं असतं, असं धाकटीला आठवडाभर वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा घरी आली. जोडपं वगैरे कुणी नव्हतंच, ते एजंट शोधत होता. ती खिडकीचं फुगलेलं दार ढकलत असताना वरच्या मजल्यावरचे मास्तरकाका कठडा धरत धरत खाली आले. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता एकोणऐंशीचे. बायको गेल्यापासून एकटेच राहत. फोनवर ओरडणारे ते हेच.

"घे," त्यांनी हात पुढे केला. तळहातावर किल्ली होती. "आता भाडेकरू येतील. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे नको."

"ही किल्ली? काका, तुमच्याकडे कशी?"

"तुझ्या आईनं दिली होती. तू न्यायला आलीस ना, तू गाडीत सामान ठेवत होतीस तेव्हा."

"कशाला?"

काका खुर्चीत टेकले. सांगावं की नाही, याचा त्यांनी जरा विचार केला असावा.

"रोज अकरा वाजता तुझ्या आईचा फोन यायचा मला. म्हणायची, मास्तर, जरा खाली जाऊन बघता का, ऊन कुठवर आलंय? मग मी खाली यायचो, दार उघडायचो, बघायचो. स्वयंपाकघराच्या त्या खिडकीतून ऊन येतं ना! मग सांगायचो, आज ओट्याच्या कडेपर्यंत आलंय. हिवाळ्यात ते आत येतं, पार तिसऱ्या फरशीपर्यंत. मग ती म्हणायची, म्हणजे आता मी भाजी निवडायला बसले असते. की फोन बंद. दोन मिनिटांचं काम."

"रोज?"

"दोन वर्षं रोज. एकदा मला ताप होता, तर मी वरूनच ठोकून दिलं, ओट्यापर्यंत आलंय म्हणून. लगेच म्हणाली, मास्तर, आज ढग आहेत, मला इथून दिसतायत!" काका हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

अकरा वाजता! अकरा वाजता ती दुकानात असायची. त्याच वेळी ती घरी फोन करायची आणि घरचा फोन रोज दोन मिनिटं गुंतलेला असायचा. मग लागला की ती विचारायची, "आई, साडेदहाची गोळी घेतलीस?" आई म्हणायची, "घेतली गं." दोन वर्षं तिनं रोज हेच विचारलं. दुसरं काहीच विचारलं नाही!

"मला का नाही सांगितलं तिनं?" ती रडायलाच लागली. "मी आणलं असतं तिला इथे… रविवारी तरी आणलं असतं…"

"मी म्हटलं होतं तिला. तर म्हणाली, पोर माझ्यासाठी एवढं करते, कुठल्या तोंडानं सांगू की मला करमत नाही म्हणून?"

मास्तरकाकांनी तिला रडू दिलं. शिक्षक माणूस, कधी गप्प बसायचं हे त्यांना कळत होतं. मग त्यांनी विचारलं,

"त्या दिवशी आलेल्या बाईंचं काय झालं? फाटकापाशी भेटल्या होत्या मला. पाणी कसं येतं, विचारत होत्या."

"नाही म्हटलं त्यांना."

"का?"

"काका, त्यांना हृदयाचा त्रास आहे. एकट्या राहणार. उद्या काही झालं म्हणजे?"

"मी एकोणऐंशीचा आहे. वर एकटा राहतो. मला कुठे हलवायचं ते ठरवलंस का?"

"तुमचं काय काका, तुमचं स्वतःचं घर आहे."

"अच्छा!" मास्तरकाका ताठ बसले. वर्गात मागच्या बाकावर गडबड झाली की ते असेच बसत. "म्हणजे मरायची परवानगी फक्त मालकांना. भाडेकरूनं मरायचं नाही!"

"असं नाही हो म्हणत मी…"

"असंच म्हणतेस तू, आणि तूच नाही, सगळे म्हणतात. अगं, माणूस कुठेतरी मरणारच. पण तोवर त्याला कुठेतरी राहायचं असतं, त्याचं काय? साठी झाली की त्यानं हवेत तरंगायचं का? मुलांकडे जा म्हणता. ज्यांना जायचंय त्यांनी आनंदानं जावं. पण जिला आपल्या हातानं दार उघडायचंय, आपल्या भांड्यात चहा करायचाय, तिला तुम्ही विचारता तरी का, बाई गं, तुला काय हवंय? तुम्ही विचारता तिच्या मुलाला, तिच्या डॉक्टरला, तिच्या गोळ्यांना!"

त्या शेवटच्या शब्दानं धाकटीनं मान खाली घातली. काकांना तिची खोड माहीत नव्हती, पण बोट नेमकं दुखऱ्या जागी पडलं होतं.

"मी वाईट वागले का हो आईशी?"

"नाही. जिवापाड केलंस. पण विचारलं नाहीस." काकांचा आवाज खाली आला. "तुझी पिढी आमच्यावर माया करते, आणि आमचं ऐकायचं तेवढं राहून जातं."

आई आता कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायला नव्हती. ते कधी भरून येणार नव्हतं, हे धाकटीला त्या क्षणी लख्ख कळलं. पण आज रविवार होता, महिना संपायला चार दिवस उरले होते, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई आपली भांडीकुंडी बांधून बसली होती, कुठे जायचं ते न कळता!

धाकटीनं डोळे पुसले आणि मोबाइल काढला.

"हॅलो," पलीकडून तो तिशीतला आवाज.

"मी… तळमजल्यावरच्या घराची. मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलले. घर कुणालाच दिलेलं नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"छत्तीस वर्षं आवाज ऐकलेत बाई. खरं सांगणारा माणूस एवढ्या भरभर बोलत नाही."

धाकटी ओशाळली. "मला तुमच्या त्या गोळीची भीती वाटली."

"मलाही वाटते. म्हणून तर जवळ ठेवते."

धाकटी म्हणाली, "घर तुमचं आहे. तुम्हाला हवं असेल तर."

"थांबा. दया म्हणून देत असाल तर नको. दयेच्या घरात खिळा ठोकायलासुद्धा मालकाला विचारावं लागतं."

"दया नाही. मी आधी विचारायला हवं होतं ते आता विचारते. सकाळी उठवलं नाही, काही झालं, तर तुम्ही काय करता? भीती म्हणून नाही विचारत. खरंच जाणून घ्यायचंय."

पलीकडचा आवाज पहिल्यांदाच जरा मऊ झाला.

"आता विचारलंत म्हणून सांगते. आमच्या कामात खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं काम म्हणजे सगळ्या लाइनी तपासायच्या. कुठली चालू, कुठली बंद. ती सवय गेली नाही. आम्ही नऊ बायका आहोत, सगळ्या एकट्या राहणाऱ्या. सकाळी सात वाजता मी एकेकीला फोन करते. एकदाच वाजवायचा, उचलायचा नाही. तिनं उलट एकदा वाजवायचा. अर्ध्या तासात उलटा वाजला नाही, की तिच्या जवळ राहणारी दार ठोठावते. गेल्या वर्षी एकीचं मोडलेलं हाड त्यामुळे वेळेवर कळलं. ती तेव्हा महिनाभर मुलाच्या घरी राहायला गेली होती बरं का. मुलगा कामावर गेला होता."

धाकटी ऐकत राहिली. जिचं काही बरंवाईट झालं तर कुणाला कळणार, या काळजीनं तिनं घर नाकारलं होतं, ती बाई रोज सकाळी आठ घरांची काळजी वाहत होती! आणि हे कळायला एक प्रश्न पुरेसा होता. सात मालकांनी तो विचारला नाही. आठवी ती स्वतः.

"मावशी," ती म्हणाली, "दहावा नंबर घ्याल का? आमच्या वरच्या काकांचा. फक्त ते फोनवर फार ओरडतात."

"एकदा वाजवायचाय, बोलायचं कुठाय!" बाई हसली. मास्तरकाकांनी खुर्चीतूनच, "मी मुळीच ओरडत नाही!" असं म्हटलं, ते पलीकडे स्पष्ट ऐकू गेलं.

तीन दिवसांनी बाईचं सामान आलं. धाकटीनं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि दारात उभी राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "हे कुठे ठेवू? तुम्हाला कसं हवंय?" कपाट पूर्वेच्या भिंतीला नको होतं, मग उत्तरेला लावलं. पलंग खिडकीशी हवा होता. आईनं तो कधीच तिथे ठेवला नसता. तरी धाकटीनं पलंग खिडकीशी ओढला. एजंट वही घेऊन उभा होता. "ताई, मग वयाची अट काढून टाकू?"

"टाक," धाकटी म्हणाली. "आणि पुढच्या मालकानं घातली, तर त्याला माझा नंबर दे. मी बोलते त्याच्याशी."

ती बोलतेही. दोघा मालकांनी तिचं ऐकलं, एकानं फोन आपटला. चालायचंच.

त्यानंतर महिन्याभरानं तिच्या दुकानात एक चाळिशीचा गृहस्थ आला. बरोबर त्याचे वडील, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले. गृहस्थानं चिठ्ठी पुढे केली. "तीन महिन्यांची एकदम द्या. बाबांना कायमचं आमच्याकडे नेतोय. त्यांचं घर बंद करतोय. या वयात एकट्यानं राहायचं म्हणजे काय!" तो मनापासून बोलत होता. बापावर त्याचं प्रेम होतं, ते दिसत होतं. असंच प्रेम धाकटीनंही केलं होतं.

तिनं चिठ्ठी घेतली आणि न वाचताच खाली ठेवली. काउंटरवरून वाकून ती त्या वृद्धांना म्हणाली, "काका, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?"

"त्यांना काय, ते कुठेही…" मुलगा बोलायला लागला.

"दादा, मी त्यांना विचारलंय," धाकटी हळूच म्हणाली.

वाचकहो, आपल्यापैकी कुणाचा फ्लॅट रिकामा असेल, कुणाची आई दुसऱ्या गावी एकटी असेल, कुणाचे वडील आपल्याच घरात आतल्या खोलीत बसून असतील. त्यांच्या गोळ्यांची वेळ आपल्याला तोंडपाठ आहे. त्यांना काय हवंय, ते ठाऊक आहे का? म्हातारं माणूस म्हणजे सांभाळायची वस्तू नव्हे, आणि टाळायचा धोका तर नव्हेच. त्याला स्वतःचं मन आहे, आणि ते मन त्याच्याखेरीज दुसरं कुणी सांगू शकत नाही. म्हणून विचारा. आज विचारा, उत्तर द्यायला माणूस समोर आहे तोवर विचारा. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा.

त्या वृद्धांनी मुलाकडे पाहिलं, मग धाकटीकडे पाहिलं. "असं कुणी विचारेल, असं वाटलं नव्हतं," ते अखेर म्हणाले. "जरा वेळ लागेल सांगायला."

मुलानं घड्याळाकडे नेलेली नजर मागे घेतली. त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, वडिलांना बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"सांगा बाबा," तो म्हणाला.